स्त्रीभूमिका : कृष्णाकाठची परंपरा

पुरुषनटाने वेशभूषा, वाणी, चालचलणूक व भाव यांच्या साहाय्याने साकार केलेली स्त्रीपात्राची भूमिका. अशा भूमिका करणाऱ्या नटास मराठी नाट्यव्यवसायात ‘स्त्रीपार्टी’ म्हणत. तमाशात त्याच्याशी मिळताजुळता ‘नाच्या’ अथवा ‘नाच्या पोऱ्या’ असे. एका लिंगाच्या व्यक्तीने दुसऱ्या लिंगाचे पात्र धारण करण्याची प्रथा जगात अनेक ठिकाणी आढळते. अलीकडे संगणकावरील व भ्रमणध्वनीवरील सामूहिक खेळांतही ती रूढ झाली आहे. महाराष्ट्रात या प्रथेची सर्वांत समृद्ध व दीर्घकालीन परंपरा रंगभूमीवर निर्माण झाली. तिचे एक प्रमुख क्षेत्र म्हणजे शिरोळ, सांगली, मिरज व कोल्हापूर यांमधील कृष्णा-पंचगंगेचा काठ होय.

प्रदेश : शिरोळ हा कोल्हापूर जिल्ह्याचा पूर्वेकडील तालुका. कृष्णा, वारणा, पंचगंगा व दूधगंगा या नद्यांचे पाणी त्यास लाभते. कृष्णा-पंचगंगा संगमावर नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी) हे दत्तक्षेत्र असून खिद्रापूर येथे कोपेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. तालुक्याच्या उत्तरेस व पूर्वेस सांगली जिल्हा, तर दक्षिणेस कर्नाटकातील बेळगाव जिल्हा लागतो. संस्थानी काळात शिरोळ कोल्हापूरच्या छत्रपतींकडे, तर लगतचे कुरुंदवाड पटवर्धनांच्या स्वतंत्र संस्थानात होते. सांगली व मिरज येथेही पटवर्धनांच्याच शाखा राज्य करीत होत्या. अशा रीतीने काही कोसांच्या परिसरात अनेक दरबार नांदत होते. कलावंतांस राजाश्रय, क्षेत्रांमुळे कीर्तन-भजनाचा नित्य परिपाठ आणि सीमेपलीकडील कानडी खेळांचा शेजार या तिन्ही गोष्टी या भूमीस एकत्र मिळाल्या. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाल्यावर नाटक मंडळ्यांचे दौरेही सुकर झाले.

पूर्वपरंपरा : भरताच्या नाट्यशास्त्रात भूमिकावाटपाचे अनुरूपा, विरूपा व रूपानुरूपा असे तीन प्रकार सांगितले आहेत. पुरुषाने स्त्रीची अथवा स्त्रीने पुरुषाची भूमिका करणे हे रूपानुरूपा प्रकारात मोडते. म्हणजे ही प्रथा शास्त्रकारांस मान्य होती. परंतु स्त्रीने स्त्रीचे पात्र करणे हाही तितकाच मान्य प्रकार होता. मराठी संतकाव्यातील विरहिणी व गौळणी यांत पुरुष संतांनी स्त्रीच्या वाणीने आर्तता व्यक्त केली आहे. एकनाथांच्या भारुडांतील अनेक सोंगे स्त्रियांचीच असून ती सादर करणारे मात्र बहुधा पुरुष असत. पेशवाईच्या उत्तरकाळात शाहिरांनी स्त्रीच्या तोंडी घातलेल्या लावण्या नाच्या पोऱ्यांनी नाचून दाखविल्या. तात्पर्य, आधुनिक नाटकाचा उदय होण्यापूर्वीच पुरुषाच्या मुखातून स्त्रीचे मनोगत ऐकण्याची सवय मराठी श्रोत्यास जडलेली होती.

नाटकातील प्रारंभ : १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांस तशा प्रकारचे खेळ मराठीत रचण्यास प्रोत्साहन दिले. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सीतास्वयंवर या नाटकाचा प्रयोग सांगली येथे झाला. या पौराणिक नाटकांत आरंभी गणपती व त्यानंतर मयूरावर आरूढ झालेली सरस्वती प्रवेश करीत असे. ही सरस्वती, तसेच कथानकातील सीतेसारख्या नायिका पुरुषच रंगवीत. नटांची विभागणी देव, राक्षस व स्त्रिया अशा वर्गांत केली जाई व ‘स्त्रीपार्टी’ हा शब्द या व्यवस्थेतून रूढ झाला. नाटकात तोंडास रंग लावणे त्या काळी हलके समजले जाई. नटांस समाजात ताठ मानेने वावरता आले ते मुख्यत्वे राजाश्रयामुळे. १८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाल्यावर हा आश्रय संपला आणि भाव्यांच्या मंडळीस गावोगाव फिरून तिकिटांवर खेळ करावे लागले.

स्त्रियांस रंगमंचावर येण्यास कायद्याची बंदी नव्हती; बंदी होती ती रूढीची. लोकांसमोर गाणे-नाचणे हे कलावंतिणींचे काम मानले जाई. कुलीन स्त्रीने ते करणे म्हणजे कुलास कलंक, अशी धारणा होती. मंडळ्यांचे भटके जीवन, बिऱ्हाडातील पुरुषांचा सहवास व रात्रीचे प्रयोग यांमुळे ती अधिकच दृढ झाली. अशा स्थितीत नाटक हवे आणि नायिकाही हवी, परंतु स्त्री नको, या अडचणीतून स्त्रीपार्टी नटाची व्यावसायिक गरज उत्पन्न झाली.

संगीत नाटकाचा काळ : अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे संगीत शाकुंतल ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. त्यात शकुंतलेची भूमिका शंकरराव मुजुमदार यांनी केली होती. त्यानंतर मंडळीत आलेल्या भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांच्या पल्लेदार आवाजामुळे स्त्रीभूमिका हे संगीत नाटकाचे मुख्य आकर्षण ठरले. संगीत सौभद्रातील (१८८२) त्यांची सुभद्रा विशेष गाजली. पुढे वयोमानानुसार ते पुरुषभूमिकांकडे वळले. गोविंद बल्लाळ देवल यांच्या शारदा (१८९९) या नाटकात त्यांनी कोदंडाचे काम केले.

देवल (१८५५–१९१६) हे कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूरचे. हरिपूरच्या पैलतीरावर शिरोळ तालुक्यातील कोथळी हे गाव आहे. जरठ-कुमारी विवाहाच्या दुष्ट चालीवर शारदा या नाटकाने प्रखर प्रकाश टाकला. पैशाच्या लोभाने वृद्धाच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख त्यात मांडले आहे. परंतु ते दुःख प्रेक्षकांपुढे सांगणारा मुलगा होता. स्त्रीच्या पारतंत्र्याविरुद्धचे नाटक स्त्रीला वगळूनच उभे राहिले, ही या परंपरेतील सर्वांत मोठी विसंगती होय. तथापि मुलाच्या मुखातून का होईना, ही व्यथा प्रथमच हजारोंच्या कानी पडली, हेही तितकेच खरे आहे.

कोल्हापूरचे केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांनी बालवयातच शारदेच्या भूमिकेत नाव मिळविले. १९०८ मध्ये त्यांनी ललितकलादर्श ही मंडळी स्थापन केली व नंतर नायकाच्या भूमिका करून तेथेही कीर्ती संपादिली. मूळचे चिकोडीचे विष्णुपंत पागनीस हेही प्रथम स्त्रीभूमिकांसाठी प्रसिद्ध होते. पुढे प्रभात कंपनीच्या संत तुकाराम (१९३६) या चित्रपटातील तुकारामांच्या भूमिकेमुळे ते घरोघरी पोहोचले. दीनानाथ मंगेशकर (१९००–४२) यांनी बलवंत संगीत मंडळीतून भावबंधनमधील लतिकेसारख्या स्त्रीभूमिका केल्या.

शिक्षण व व्यवसाय : स्त्रीपार्टी होऊ पाहणारा मुलगा बहुधा आठ-बारा वर्षांचा असताना मंडळीत येई. गोड गळा, नाजूक चण व स्वच्छ वाणी पाहून त्याची निवड केली जाई. त्याच्या जेवणाखाण्याची व कपड्यालत्त्याची सोय मंडळी करी. गायनाबरोबर लुगडे नेसणे, पदर सावरणे, पावलांचे अंतर, मानेचा व दृष्टीचा कल, हसण्या-रडण्याच्या रीती यांची तालीम त्यास दिली जाई. यासाठी नट घरातील स्त्रियांचे बारकाईने निरीक्षण करीत. या व्यवसायाचा सर्वांत कठोर परीक्षक म्हणजे नटाचा स्वतःचा कंठ. वयात येताना आवाज फुटला की अनेकांची कारकीर्द एका हंगामात संपे. काहींना पुरुषभूमिका मिळत, तर काही मंडळीतच पडेल ते काम करून राहत. ज्यांचा आवाज वयानंतरही टिकला, त्यांची नावे इतिहासात राहिली. उरलेल्यांची बहुतांशी राहिली नाहीत.

बालगंधर्व : नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या रूपाने ही परंपरा कळसास पोहोचली. त्यांच्या कर्णविकारावरील उपचारांसाठी राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यांस मिरजेस पाठविले आणि तेथेच १९०५ मध्ये त्यांचा किर्लोस्कर मंडळीत प्रवेश झाला. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या मानापमान (१९११) नाटकातील भामिनी व राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला (१९१९) मधील सिंधू या त्यांच्या परस्परभिन्न भूमिका होत. एक मानी व श्रीमंत तरुणी. दुसरी मद्यासक्त पतीच्या संसारात झिजणारी पतिव्रता. मानापमानाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांचे अपत्य निवर्तले असता त्यांनी ठरलेला प्रयोग केला, ही हकीकत नाट्यवर्तुळात प्रसिद्ध आहे. १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. उंची शालू, अत्तरे व भपकेबाज नेपथ्य यांवर मंडळीने अपार खर्च केला व ती कर्जात बुडाली.

बालगंधर्वांची साडी नेसण्याची व केशरचनेची धाटणी शहरांतील स्त्रियांनी उचलली. अनुकरणाची दिशा येथे उलटली. नटाने प्रथम स्त्रियांचे निरीक्षण करून आदर्श स्त्री घडविली आणि पुढे स्त्रियांनी त्या आदर्शाचे अनुकरण केले. हा आदर्श लोभस व मर्यादशील होता. परंतु तो मुख्यत्वे पुरुष नाटककार, पुरुष नट व पुरुषप्रधान प्रेक्षक यांनी सिद्ध केलेला होता. त्यात स्त्रीच्या सोशिकपणास जितके स्थान मिळाले, तितके तिच्या रागास अथवा इच्छेस मिळाले नाही.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत मानापमानाचा संयुक्त प्रयोग झाला. त्यात केशवराव धैर्यधर व बालगंधर्व भामिनी होते. दोघांचीही कारकीर्द स्त्रीभूमिकांनी सुरू झालेली; एक नायक झाला, दुसरा नायिकाच राहिला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवरावांचे निधन झाले. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात बांधविलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

तमाशातील नाच्या : संगीत नाटकातील स्त्रीपार्टीस जो मान मिळाला, तो तमाशातील नाच्याच्या वाट्यास आला नाही. दोघांची कला एकाच जातीची होती. दोघेही पुरुष असून स्त्रीचे हावभाव करीत. परंतु नाटक मंडळ्यांत पांढरपेशा समाजातील नटांचा भरणा होता, त्यांस संस्थानिकांचा आश्रय होता व शास्त्रोक्त गायनाची प्रतिष्ठा होती. तमाशाचे फड मुख्यत्वे महार, मांग, कोल्हाटी इ. समाजांतील कलावंतांचे असत व गावच्या जत्रेत उघड्यावर खेळ करीत. नाच्याचे स्त्रैण वागणे खेळापुरते न मानता त्याच्या व्यक्तित्वास चिकटविले जाई आणि खेळ संपल्यावरही त्याची टवाळी संपत नसे. कागलचे कादंबरीकार आनंद यादव यांनी नटरंग या कादंबरीत हीच व्यथा चित्रित केली असून तीवर आधारित चित्रपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला. कसलेल्या शरीराचा एक शेतमजूर कलेच्या ओढीने नाच्या होतो व त्याची जबर किंमत मोजतो, असे तिचे कथानक आहे. तमाशात स्त्री मात्र प्रतिष्ठित नाटकाच्या आधी आली. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या फडातील पवळा हे तिचे ख्यातनाम उदाहरण होय.

अन्य देशांतील प्रथा : जपानमध्ये शासनाने १६२९ मध्ये काबुकी रंगमंचावर स्त्रियांस मनाई केली व त्यातून ‘ओन्नागाता’ या स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांची परंपरा निर्माण झाली. इंग्लंडमध्ये शेक्सपिअरच्या नायिका मुलेच करीत. १६६० नंतर तेथील व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया आल्या. चीनमध्ये मेइ लानफांग (१८९४–१९६१) हे या कलेचे श्रेष्ठ उपासक होते. या सर्व ठिकाणी स्त्रीचा निषेध हे प्रथेचे मूळ कारण असले, तरी कालांतराने तीस स्वतंत्र कलामूल्य प्राप्त झाले. जपानमध्ये निषेध उठल्यावरही ती टिकली, याचे कारण हेच.

स्त्रियांचा प्रवेश : केवळ स्त्रियांच्या काही मंडळ्याही निघाल्या होत्या व त्यांत पुरुषपात्रे स्त्रियाच रंगवीत, तथापि त्यांस पुरुष मंडळ्यांइतकी प्रतिष्ठा लाभली नाही. चित्रपटाच्या आरंभीही तीच अडचण आली. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटात तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. पुढे लंकादहन (१९१७) मध्ये राम व सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. मात्र १९१३ मध्येच मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांच्या कन्या कमलाबाई यांनी कामे केली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या सैरंध्री (१९२०) मध्येही स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या. प्रभात कंपनीने कोल्हापुरात तयार केलेल्या अयोध्येचा राजा (१९३२) या बोलपटात तारामती झाल्या दुर्गा खोटे. एकाच पात्राचा साळुंके यांच्यापासून खोटे यांच्यापर्यंतचा हा एकोणीस वर्षांचा प्रवास या स्थित्यंतराचे मोजमाप म्हणता येईल. रंगभूमीवर हिराबाई बडोदेकर यांनी १९२९ मध्ये काढलेली नाटक मंडळी व नाट्यमन्वंतरचे आंधळ्यांची शाळा (१९३३) हे नाटक यांनी स्त्री-पुरुषांचा एकत्र अभिनय प्रतिष्ठित केला. त्यानंतर स्त्रीपार्टी नटाची व्यावसायिक गरज झपाट्याने ओसरली.

उत्तरकाल : गरज संपल्यावर या प्रथेचा आशयही पालटला. मोरूची मावशी या नाटकात विजय चव्हाण यांनी केलेली मावशी व अशी ही बनवाबनवी (१९८८) हा चित्रपट यांत पुरुषाचा स्त्रीवेश हा हास्याचा विषय आहे. पूर्वी नट पुरुष असल्याचे विसरणे यात प्रेक्षकाचा आनंद होता; आता ते न विसरण्यात तो आहे. ग्रामीण भागात मात्र जुनी रीत काही प्रमाणात टिकून आहे. कोकणातील दशावतार व कोल्हापूर-सांगली भागातील सोंगी भजन यांत आजही पुरुष स्त्रीपात्रे रंगवितात. शिरोळसह सीमाभागात आढळणारे यल्लमाचे जोगते यांची गणना मात्र या नटांत करू नये. त्यांचा स्त्रीवेश ही भूमिका नसून धार्मिक व्रत वा व्यक्तीची स्वतःची ओळख असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींचा स्वतःची लिंग-ओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला.

संगणकीय खेळांतील भूमिका : १९५० मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी यंत्राच्या बुद्धीविषयी लिहिताना ज्या खेळापासून प्रारंभ केला, त्यात केवळ लेखी उत्तरांवरून पुरुष कोण व स्त्री कोण हे ओळखावयाचे होते. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात अनेकांनी एकत्र खेळावयाचा शब्दाधारित संगणकीय खेळ तयार झाला. त्यातून पुढे आलेल्या खेळांच्या परंपरेत खेळाडू भिन्न लिंगाचे पात्र सहज धारण करू लागले. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (२००४) यांसारख्या खेळांच्या अभ्यासांत स्त्रीपात्र निवडणाऱ्या पुरुषांचे प्रमाण पुरुषपात्र निवडणाऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक आढळले. भारतात स्वस्त भ्रमणध्वनीमुळे असे खेळ गावोगाव पोहोचले. पबजी मोबाइल या खेळावर केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली व २०२१ मध्ये त्याची भारतासाठीची स्वतंत्र आवृत्ती आली. या खेळांत स्त्रीपात्र घेण्यास तालीम लागत नाही; यादीतून निवड केली की पुरते. कोणी ते रूपाच्या आवडीने घेतो, कोणी सहखेळाडूंचे साहाय्य मिळावे म्हणून, तर कोणास उघडपणे जगता न येणारी स्वतःची ओळख त्यात चाचपून पाहता येते.

रंगभूमी व हे खेळ यांत एक मूलभूत भेद आहे. नाट्यगृहात पडदा उघडण्यापूर्वीच शारदा हा मुलगा आहे हे प्रेक्षकास ठाऊक असे व तो संकेत उभयपक्षी मान्य होता. म्हणून त्यात फसवणूक नव्हती. सामूहिक खेळात पात्रामागील व्यक्ती कोण हे समोरच्यास ठाऊक नसते. त्यामुळे तेच रूपधारण एखाद्या वेळी निर्दोष क्रीडा, तर एखाद्या वेळी विश्वासघात ठरू शकते. साम्यही लक्षणीय आहे. खेळताना प्रत्यक्ष संभाषण सुरू झाले की रूप उघडे पडते ते आवाजामुळे. स्त्रीपार्टी नटाप्रमाणे येथेही अखेरचा निर्णय कंठाचाच असतो. दुसरे साम्य अधिक गंभीर आहे. अनेक स्त्रिया छळ व अश्लील शेरेबाजी टाळण्यासाठी अशा खेळांत पुरुषी वा लिंगनिरपेक्ष नाव घेतात आणि ध्वनिग्राहक बंद ठेवतात.

मूल्यमापन : स्त्रीभूमिकांच्या परंपरेने मराठी रंगभूमीस श्रेष्ठ गायन, सूक्ष्म अभिनय व विपुल नाट्यवाङ्मय दिले. स्त्री-पुरुषांचे हावभाव हे निव्वळ उपजत नसून पुष्कळ अंशी शिकता व शिकविता येतात, हे तिने व्यवहारात दाखवून दिले. मात्र या वैभवाचा भार तिघांवर पडला : रंगमंचाबाहेर ठेवलेली स्त्री, आवाज फुटताच विस्मृतीत गेलेला मुलगा आणि तीच कला करूनही मान न मिळालेला नाच्या. रूप पालटण्याची मुभा कोणास व कोणत्या किमतीस मिळते, हे त्या काळी जात, आश्रय व कुलीनतेच्या कल्पना ठरवीत. साधने बदलली, तरी हा प्रश्न निकालात निघालेला नाही. एकेकाळी स्त्रीस मंचावर येऊ न देणारी रूढी व आज तिला खेळात आपला आवाज लपविण्यास भाग पाडणारी वर्तणूक यांचे नाते निकटचे आहे.